सात पॉइंट सहाचा आज्जा

“मॅडम, हा जॉब कुणी केलाय?”

गावडे साहेबांनी टेबलावरच्या चोवीस जॉबमधून एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला होता. ते बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळतात. अप्रेंटिस म्हणून सहा मुलं निवडायला आमच्याकडे आले होते. मुलाखती नंतर, आधी पोरांच्या हातचं काम दाखवा, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. मला माणूस तिथंच आवडला. तो मला किती महागात पडणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मी जॉबवर ठोकलेला आकडा वाचला. “रोल नंबर सतरा. सोमनाथ. पणदऱ्याचा आहे.”

“हात सोन्याचा आहे पोराचा. याला मी घेतलाच म्हणून समजा.”

आता जॉब म्हणजे काय ते सांगते. मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका संस्थेत फिटर ट्रेड शिकवते. दहावीनंतर मुलं येतात, दोन वर्षं शिकतात. पहिला धडा कानशीचा. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात आवळायचा आणि कानशीनं घासून चौकोन करायचा. अठ्ठेचाळीस मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, नऊ मिलिमीटर जाड, चारी कोपरे काटकोनात. मापात चार शंभरांश मिलिमीटर इकडंतिकडं चालतं. केसाची जाडीसुद्धा त्याहून जास्त असते. पहिल्या वर्षी हा चौकोन ढोबळ मापानं करतात, शेवटच्या वर्षी काटेकोर. ऐकायला सोपं वाटतं. करायला घेतलं की चार दिवस जातात आणि तळहाताला फोड येतात. झाला की नंबर पंच ठोकून त्यावर आपला रोल नंबर उमटवायचा आणि मॅडमच्या टेबलावर ठेवायचा.

गावडे साहेबांनी खिशातून स्वतःचा व्हर्निअर काढला. मापाचं आमचं मुख्य हत्यार, मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतं. स्वतःचा व्हर्निअर खिशात घेऊन हिंडणारा इंजिनिअर मी बऱ्याच वर्षांनी बघत होते. त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, दोन्ही बरोबर. जाडी घेतली, कपाळाला आठी पडली आणि व्हर्निअर माझ्याकडं केला.

“सात पॉइंट सहा.”

“नऊ पाहिजे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“तेच म्हणतोय. ज्याला काटकोन असा साधतो, त्याला नऊ आणि साडेसातमधला फरक कळत नाही? असं होत नाही मॅडम.”

ते बरोबर बोलत होते. चांगल्या हाताच्याही चुका होतात, पण अशा होत नाहीत. सुगरणीच्या भाकरीला एखादा डाग पडेल, ती पिठाऐवजी चुना मळणार नाही.

त्यांनी मोरचुदाचं पाणी मागितलं. लोखंडावर आखणी करण्याआधी आम्ही ते लावतो, पृष्ठभाग तांबूस होतो आणि बारीकसारीक ओरखडे उठून दिसतात. सतरा आकड्याभोवती त्यांनी बोळा फिरवला आणि जॉब तिरका धरला. सतराच्या खाली पुसटसा नऊ दिसला. नऊच्या बाजूला, त्याहून पुसट, चार.

मला कुणीतरी भर वर्गात छडी मारावी तसं झालं. एकच जॉब वर्षानुवर्षं फिरत होता. परीक्षा झाली की जुने जॉब भंगाराच्या पेटीत जातात. तिथून कुणीतरी हा उचलायचं, जुना आकडा घासून काढायचं, आपला ठोकायचं आणि माझ्यापुढं ठेवायचं. दर वेळी थोडं लोखंड कमी. आणि मी सही करत होते.

पोरं माघारी मला ‘पॉइंट झिरो टू’ म्हणतात. व्हर्निअरचं सगळ्यात लहान माप ते. एवढ्यातेवढ्यावरून जॉब परत करणारी बाई, म्हणून. मला त्या नावाचा छुपा अभिमान होता. तो त्या दिवशी अकराच्या सुमारास संपला.

प्राचार्य घोरपडे सर नेमके तेव्हाच चहा सांगायला आत आले. माणूस वाईट नाही, पण पाहुण्यांसमोर शोभा झाली की त्यांचं डोकं फिरतं.

“ही सरळ कॉपी आहे. मॅडम, सतरा नंबरचे सत्राचे मार्क रद्द करा. हॉल तिकीट थांबवा. एकाला धडा मिळाला की बाकीचे सुतासारखे सरळ होतील.”

सत्राचे मार्क रद्द म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं आणि अप्रेंटिसशिपही. सोमनाथचं अख्खं वर्ष त्या सात पॉइंट सहामध्ये अडकलं.

“सर, मला शनिवारपर्यंत वेळ द्या. मुलाशी बोलू द्या.”

“बोला की. तो येतो कुठं पण?”

तेही खरं होतं. हजेरीपटावर त्याच्या नावापुढं निम्मे दिवस रिकामे होते.

गावडे साहेब जाताना म्हणाले, “मी पुढच्या शनिवारी परत येतो. तोवर कुणाला निवडत नाही. मला जॉब नकोत मॅडम, जॉब करणारी पोरं पाहिजेत.”

दुपारी मी वर्कशॉपकडं निघाले. बाहेर कानशींचा आवाज येत होता, खरखर, खरखर. रोज येतो. ऑफिसमध्ये बसून मी तो ऐकते आणि पोरं कामाला लागलीत असं समजून ऑनलाइन फॉर्म भरत बसते. त्या दिवशी मी पुढच्या दारानं न जाता मागच्या दारानं गेले.

एक पोरगा कानस घासत होता. व्हाइसमध्ये जॉबच नव्हता, नुसत्या जबड्यावर घासत होता. बाकीचे बाकांवर आडवेतिडवे पसरले होते. तिघांनी व्हाइसच्या जबड्यात मोबाइल उभे आवळले होते आणि रील बघत होते. भिंतीवर खडूनं नावं लिहिलेली, प्रत्येकापुढं दहा दहा मिनिटं. आवाजाची पाळी होती ती. एकानं आवाज करायचा, बाकीच्यांनी आराम.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. इतकं शिस्तीत चाललेलं काम त्या वर्कशॉपमध्ये मी कधी बघितलं नव्हतं. पण ते हसण्यासारखं नव्हतं. कारण ही पोरं आळशी नाहीत. याच पोरांनी गॅदरिंगला दोन दिवसांत लोखंडी कमान वेल्डिंग करून उभी केली होती. कमान कशासाठी, ते त्यांना कळत होतं. चौकोन कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“कानस खराब होते असं करून,” मी म्हटलं.

मोबाइल झटक्यात गायब झाले. काटेवाडीचा ऋषिकेश वर्गाचा पुढारी. तोच उठून उभा राहिला.

“मॅडम, खरं सांगू का? कंपनीत कानशीनं फायलिंग कोन करतंय? समदं मशिनवर हाय. थोरला भाऊ अप्रेंटिस हाय माजा, वर्षभर निस्ते खोकी उचलतोय. आमी हितं घासून करायचं काय?”

“आणि जॉब? जॉब कुठून येतात?”

मी पर्समधून तो सतरा नंबर काढून बाकावर ठेवला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मेलो. आज्जा घावला.”

त्याला नावही होतं तर. मी एवढंच सांगितलं, की यापायी सोमनाथचं हॉल तिकीट थांबतंय. ऋषिकेशचा चेहरा उतरला. “मॅडम, तुमी सोमाच्या घरी जाऊन या एकडाव,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढून पणदऱ्याला गेले. मी राहते जळोचीला. पणदरे बारामतीच्या एका अंगाला, संस्था दुसऱ्या अंगाला. पोराला रोज दोन एसट्या बदलाव्या लागतात, हे रस्त्यातच माझ्या लक्षात आलं. तोपर्यंत तो माझ्यासाठी एक रोल नंबर होता.

घर विटांचं, नीटनेटकं, बाजूला गोठ्यात चार गाई. ओसरीत सोमनाथचे वडील खाटेवर बसले होते, डावा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. उसाच्या ट्रॉलीवरून पडले होते. कोणत्या वर्गाच्या मॅडम ते सांगितल्यावर त्यांनी उठायची धडपड केली, मी बसवलं.

“तो रानात हाय. आज दिवसा लाईट हाय न्हवं, पाणी धरलंय.”

शेतपंपाची वीज आमच्याकडं आठवडे वाटून येते, कधी दिवसा, कधी रात्री. मी मनात हजेरीपट आठवला. रिकाम्या दिवसांचा अर्थ लागत गेला.

मी झालेलं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, नाव काडायचं तर काडा. माजी तक्रार न्हाय. पर माज्या पोराला चोर म्हनू नगा. गावात त्येवडंच हाय आमचं.”

सोमनाथच्या आईनं चहा आणून दिला, तो घेतला आणि रानात गेले.

सोमनाथ उसाच्या सरीत बारं देत उभा होता. म्हणजे एका सरीचं पाणी फावड्यानं तोडून दुसऱ्या सरीत सोडत होता. उंच, हडकुळा पोरगा. मला बघून त्यानं फावडं खाली टाकलं आणि पँटचे वर दुमडलेले पाय खाली सोडायला लागला, जणू वर्गातच उभा आहे.

“आज्ज्याबद्दल आलाय व्हय मॅडम?”

“होय. सांग.”

बांधावर बसून त्यानं सांगितलं. आज्जा बॅचमध्ये एकच. कुणालाही मिळत नाही. सेंड-ऑफच्या दिवशी जुनी पोरं तो नव्यांच्या हवाली करतात, आणि नव्यांनी बसून ठरवायचं की यंदा आज्ज्याची गरज कुणाला. ज्याच्या घरी अडचण, ज्याला वर्कशॉपला यायला जमत नाही, त्याला. बाकीच्यांनी आपापलं बघायचं. कुणी एकमेकांच्या जॉबला पॉलिश मारतं, कुणी दोन तुकडे बिघडवून तिसरा कसाबसा देतं.

“आमच्या बॅचला मतदान झालं,” तो म्हणाला. “मी न्हाय म्हनत हुतो. समद्यांनी मलाच दिला. वडील पडल्यालं न्हवं.”

त्यानं मला आज्ज्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवली. त्याच्याआधी इंदापूरचा दिग्विजय, त्याच्याआधी महेश, असं मागं मागं थेट काटेवाडीच्या दत्तापर्यंत. सहा पोरं. परीक्षेची उत्तरं त्याला कधी इतकी सलग आली नव्हती.

“दत्ताच्या आधी?”

“म्हाईत न्हाय. दत्ताभाऊला कपाटात घावला म्हनं.” त्यानं जॉब माझ्या हातातून घेऊन पालथा केला. “ह्ये बगा, मागं तीन ठिपके हायती. आज्ज्याची खूण. फुडनं किती बी घासा, पर ठिपक्याला हात लावायचा न्हाय, असा नेम हाय आमचा.”

तीन ठिपके. खालच्या डाव्या कोपऱ्यात, त्रिकोणात, सेंटर पंचानं मारलेले.

ते माझे होते. मी शिकत होते तेव्हा पूर्ण बॅचमध्ये एकटी मुलगी. माझा जॉब मुलांच्या जॉबमध्ये मिसळू नये म्हणून मी मागं तीन ठिपके मारायची. सवय राहिली ती राहिली. नोकरीत लागल्यावर दरवर्षी नव्या बॅचसमोर मी एक चौकोन स्वतः घासून दाखवायची, त्यावरही ठिपके. एका वर्षी तो कपाटातून गेला. विचारलं, दरडावलं, कुणी बोललं नाही. आणि मी रुसले. चोरांना कशाला करून दाखवायचं, म्हणून पुढच्या वर्षीपासून फळ्यावर चौकोन काढून शिकवायला लागले. कानस हातात धरली नाही, त्यालाही तितकीच वर्षं झाली होती.

मी सोमनाथला काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “तुला स्वतः करावासा वाटला नाही कधी?”

“वाटलं हुतं. पर काय उपेग मॅडम? राग नगा मानू, पर पोरं म्हंत्यात, मॅडम तोंड बगून मार्क देत्यात. जॉब कुनी बगतंय?”

मी संस्थेत परत आले, स्टोअरमधून जुनी मार्कांची रजिस्टरं काढली आणि सहा नावं शोधली. दत्ता, अठ्ठावन्न. तो सारखा उलट बोलायचा. त्याच्या नंतरचा बहात्तर, मग एकसष्ट. महेश गरीब गाय, फळा पुसायचा, स्टोअरच्या किल्ल्या आणून द्यायचा, चौऱ्याऐंशी. तो दिग्विजयच्या आधीचा, म्हणजे जॉब तेव्हा आठच्या आसपास उतरलेला. दिग्विजय शहात्तर. सोमनाथला मी गेल्या महिन्यात सहासष्ट दिले होते, गैरहजर राहतो म्हणून.

एकच जॉब. माझाच. सहा वेळा मी त्याला मार्क दिले आणि सहा वेगळे दिले. ताजा आणि बिनचूक होता तेव्हा सगळ्यात कमी. व्हर्निअर कपाटात होता, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मला फार लाज वाटली. एकटी होते म्हणून रडलेसुद्धा, पाच मिनिटं.

मग रजिस्टरं उचलून घोरपडे सरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, सोमनाथचं हॉल तिकीट थांबवायचं असेल तर आधी या पाच जणांची सर्टिफिकेटं परत मागवावी लागतील. आणि त्याच्याआधी माझ्यावर नोटीस काढा.”

त्यांनी रजिस्टर बघितलं, जॉब बघितला, तीन ठिपक्यांची गोष्ट ऐकली.

“मॅडम, हे बाहेर गेलं तर?”

“कंपनीला कळलंच आहे सर. आता बाहेर काय राहिलं?”

“मग करायचं काय तुमच्या मते?”

“आठ दिवस द्या. सगळी बॅच जॉब नव्यानं करेल, माझ्यासमोर. मार्क मापाचे. सोमनाथचा मापात आला नाही तर तुम्ही म्हणाल ते.”

“आणि तो आलाच नाही तर?”

शेवटी सरांनी होकार दिला. माझ्यावर मेमो काढला तो काढलाच. माझ्या फाइलला आहे अजून.

सोमवारी मी वर्कशॉपमध्ये वर्गासमोर आज्जा पालथा करून ठिपके दाखवले आणि हे ठिपके कुणाचे, त्या जॉबला मी कुणाला किती मार्क दिले, ते सगळं सांगितलं. ऋषिकेश म्हणाला, “म्हंजी मॅडम, तुमी सोताच्याच जॉबला अठ्ठावन्न दिलं?” आणि सगळा वर्ग फुटला. मीही हसले. हसू दाबण्यात अर्थच नव्हता.

“आता ऐका. जॉब सगळ्यांनी करायचा. मीही करणार. तुमचा मी मोजणार, माझा तुम्ही मोजायचा. आकडे फळ्यावर, सगळ्यांच्या देखत.”

सोमनाथ शेवटच्या बाकाशी उभा होता. तो आला होता. त्याच्या रानातलं पाणी कुणी धरलंय, हे मला दुपारी हजेरी घेताना कळलं. पणदऱ्याचाच एक पोरगा गैरहजर होता. मंगळवारी दुसरा, बुधवारी तिसरा. खडूनं लिहिलेल्या पाळीच्या यादीतली मिनिटं पुसून वार लिहिले होते. त्यांची गैरहजेरी मी लावली. हजेरीपटावर आता खोटं काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

कानस धरल्यावर अर्ध्या तासात माझे खांदे भरून आले. कानस पुढं जाताना दाबायची, मागं घेताना सैल सोडायची, दोन्ही हातांचा जोर क्षणाक्षणाला बदलायचा, नाहीतर पृष्ठभाग मध्ये फुगतो. हे मी हजार वेळा फळ्यावर लिहिलंय. माझा फुगला.

मंगळवारी संध्याकाळी सोमनाथनं माझा जॉब मोजला. व्हर्निअर डोळ्यांसमोर धरून त्यानं दोनदा बघितलं.

“मॅडम, सांगू का?”

“सांग की.”

“अठ्ठेचाळीस पॉइंट बारा. गुण्यात बी बसत न्हाय.” गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी. “रिजेक्ट हाय.”

फळ्यावर माझ्या नावापुढं त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, रिजेक्ट. त्या दिवशी पोरं घरी जायला अर्धा तास उशीर करत होती. मॅडमना हरवता येतं, हे कळल्यावर त्यांना कामात वेगळीच चव आली. सगळेच सुधारले असं नाही. दोघांनी शेवटपर्यंत व्हाइसमधून मोबाइल काढला नाही, त्यांना मी नापास केलं. पण आवाजाची पाळी बंद पडली, कारण आवाज आपोआपच होत होता.

सोमनाथचे पहिले दोन तुकडे वाया गेले. पहिला जास्त घासला, दुसऱ्याचा कोपरा गेला. शुक्रवारी दुपारी तिसरा घेऊन बसला. मी एकदा त्याच्या मागं उभी राहिले आणि त्याच्या उजव्या कोपरावर हात ठेवून जोर कुठं सोडायचा ते दाखवलं. सात वर्षांत मी कुणाला असं दाखवलं नव्हतं.

शनिवारी गावडे साहेब आले. घोरपडे सर त्यांच्या मागं. साहेब बाकाबाकाशी फिरले, शेवटी सोमनाथपाशी थांबले.

“सतरा नंबर तूच ना? तुझा जॉब कुठला आता?”

सोमनाथनं पुढं केला. साहेबांनी व्हर्निअर काढला, पण लावला नाही. “किती आहे?”

मला माप माहीत होतं. त्यालाही. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मोजलं होतं आणि पुढं घासायला वेळ उरला नव्हता.

“अठ्ठेचाळीस पॉइंट शून्य सहा,” सोमनाथ म्हणाला. “दोन शंभरांश जादा हाय, सायेब. मापात न्हाय.”

घोरपडे सरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.

साहेबांनी मोजलं. “शून्य सहा. बरोबर.” मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. “कमी झालं असतं तर?”

“मंग भंगार. जादा हाय त्ये अजून घासता येतंय.”

“जाडी?”

“नऊ. त्येला काय धक्का न्हाय.”

साहेब हसले. “सर,” ते प्राचार्यांना म्हणाले, “फायलिंग आमच्याकडं होत नाही, हे या पोरांना माहीत असेलच. पण माझ्या लाइनवर सगळ्यात मोठा घोळ खोट्या रीडिंगचा असतो. मशिन चुकतं, माणूस तक्त्यात बरोबर आकडा भरतो आणि माल परत येतो. हा मला पाहिजे. याला परीक्षेला बसवा.”

घोरपडे सर दोन वेळा खाकरले. मग म्हणाले, “दोन शंभरांश घासायला किती वेळ लागतो मॅडम?”

“अर्धा तास, सर.”

“मग घासू द्या की. सत्र आज पाचला संपतं.”

सोमनाथ चार वाजता अठ्ठेचाळीस पॉइंट शून्य दोनवर आला. मी त्याला शहाण्णव मार्क दिले आणि सगळी मापं रजिस्टरमध्ये लिहिली. तो परीक्षेला बसला, बेताच्या टक्क्यांनी पास झाला. थिअरीनं मार खाल्ला. आता कंपनीत अप्रेंटिस आहे. पहिले तीन महिने त्यानंही खोकीच उचलली, हेही सांगायला हवं. पाय बरा झाल्यावर वडील पेढे घेऊन आले होते. पेढ्याचा पुडा माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी हात जोडले.

नवा नियमही त्याच आठवड्यात झाला. तपासलेल्या प्रत्येक जॉबला मधोमध भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा फिरायला नको. पहिल्या दिवशी मी ड्रिल मशिनवर सगळे जॉब घेऊन उभी राहिले तेव्हा सोमनाथ आला.

“मॅडम, माज्याला भोक नगा पाडू. घरी न्यायचाय.”

“नियम आहे बाबा.”

तो जॉब घेऊन बाकाशी गेला, मोरचूद लावलं, कोपऱ्याकोपऱ्यातून दोन रेघा आखल्या, त्या जिथं छेदल्या तिथं पंच मारला आणि स्वतःच भोक पाडून आणलं. अगदी मध्यावर.

“आता तरी न्हेऊ?”

मी हो म्हटलं. जॉब पालथा करून बघितला, तर मागं खालच्या डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके मारलेले. मी तो कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

आज्जा माझ्याकडं आहे, भोक न पाडलेला. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी तो पोरांच्या हातात व्हर्निअरसकट देते आणि जाडी फळ्यावर लिहायला लावते. मग कानस घेऊन त्यांच्याआधी स्वतः घासायला लागते. शिकवणाऱ्याचं काम कसं चाललंय हे कळायचं दुसरं माप मला माहीत नाही.

जाडी कमी भरली की समजायचं, आज्जा पुन्हा फिरायला लागला. परवाच मोजला. सात पॉइंट सहा.